सिमेंटाला पाजलेलं गोडं पाणी

माझ्या दोघा नातवंडांनो,

रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्यामागे घणाचे आवाज येत होते आणि तुम्ही दोघं एकदमच विचारत होतात, "आजी, तुझं घर का पाडतायत?" तुमचे बाबा मध्येच म्हणाले, "घर जुनं झालंय." हे उत्तर मला पटलेलं नाही. मी त्या घरापेक्षा जुनी आहे आणि मला कोणी पाडत नाही. थोरलीनं आणखी एक प्रश्न विचारला होता, माझ्या बोटांची टोकं काळी कशानं झाली. आवाजात तो तसाच राहून गेला. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, पण ते फोनवर मावणारं नाही. म्हणून घणाचे आवाज तुमच्या कानात ताजे आहेत तोवरच लिहायला बसले.

आधी पाण्याबद्दल सांगायला हवं. आमचं गाव जळगाव जामोद तालुक्यात आहे, पण डोंगराकडे नाही, पूर्णा नदीकडे. या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीतून गोडं पाणी निघतं. तिथून बैलगाडीनं नदीच्या दिशेला थोडं पुढे आलं की बोअरला खारं पाणी लागतं. त्यात साबणाला फेस येत नाही, चहा तोंडात धरवत नाही, आणि डाळ कितीही वेळ उकळली तरी दाणा दाताखाली टणक लागतो. नळयोजना येईपर्यंत इथल्या प्रत्येक घरात दोन पाणी होती. गोडं पाणी घडवंचीवरच्या माठात, झाकून: पिण्याला, चहाला, डाळीला आणि पाहुण्याला. बाकी सगळ्याला खारं. मी अमरावतीहून रसायनशास्त्रात पदवी घेऊन, तीही इंग्रजीतून, या घरात आले, तेव्हा तुमच्या पणजीनं मला पहिल्याच दिवशी शिकवलं ते हे. माठातल्या पाण्यानं मी हात धुतले होते.

"सूनबाई, ते पानी गाडीनं येते," ती म्हणाली. "हातायले काई चव लागत नाई."

गावाचा नियमच हा होता. ज्याला चव कळते त्याला गोडं, ज्याला कळत नाही त्याला खारं. गुरांनाही थोडं गोडं मिळायचं, कारण गुरांना चव कळते. भांडी, कपडे, भिंती यांना खारं. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं आणि वाटण्याचं कारणही नव्हतं.

घर बांधायला काढलं तेव्हा तुमचे बाबा पाळण्यात होते. तोवर आम्ही मातीच्या धाब्याखाली राहत होतो. तुमच्या आजोबांना शाळेत नोकरी होती, मला जळगाव जामोदच्या कॉलेजात शिकवायला मिळालं होतं, आणि पणजोबांना गावात स्लॅबचं घर हवं होतं. तीन खोल्या एका ओळीत: समोर बैठक, मध्ये निजायची खोली, मागे स्वयंपाकघर. मागचं स्वयंपाकघर सगळ्यांत मोठं, कारण नकाशा काढताना पणजी शेजारी उभी होती.

आमच्याकडे स्लॅब पडतो त्या दिवशी मजुरांना, शेजाऱ्यांना आणि वाटेनं जाणाऱ्यालाही जेवण असतं. रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. रोडगा म्हणजे गव्हाचा गोळा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला. तो हातानं कुस्करायचा आणि त्यावर वरण ओतायचं. वरण आलं म्हणजे डाळ आली, आणि डाळ आली म्हणजे गोडं पाणी आलं. पणजीनं डोंगराकडच्या गावातून गाडीभर ड्रम मागवले होते. पणजोबा ड्रमांकडे पाहून म्हणाले, "गाव जेवाले घालून राह्यली का गावाची आंघोळ?"

"जेवाले बसले का पानी लागतेच," ती म्हणाली. "तुमी तुमची गिट्टी पाहा."

तर एका बाजूला चुलीवर गोड्या पाण्यात डाळ शिजत होती आणि दुसऱ्या बाजूला मिक्सरमध्ये गिट्टी, रेती, सिमेंट आणि बोअरचं खारं पाणी फिरत होतं. मिस्त्रीनं, म्हणजे आमच्या गवंड्यानं, सकाळी नारळ फोडताना सहज विचारलं होतं, "मालक, पानी हेच घेऊ ना?" पणजोबा हसले होते. "मंग काय बे, सिमेंटाले जीभ आहे काय?"

बैठक झाली, मधली खोली झाली. दोन्हींच्या मधला आणि मधल्या खोलीच्या पलीकडचा असे दोन बीम, म्हणजे ज्या आडव्या तुळयांवर छत टेकतं त्या, तेही त्याच पाण्यात झाले. स्वयंपाकघराच्या छताला हात लावणार तेवढ्यात लाइन गेली. बोअरची मोटर बंद, टाकी रिकामी. मिक्सर डिझेलवरचा होता, तो चालूच होता. मिस्त्री डोक्यावरचा गमछा काढून म्हणाला, "मालक, अर्ध्यात थांबलो तं जोड राह्यते. मंग तिथूनच गळते. पानी पाह्यजे." आणि त्याची नजर ड्रमांकडे गेली. पणजोबांचीही गेली.

पणजी पदर खोचून ड्रमांपुढे जाऊन उभी राहिली.

"हात लावून पाहा," ती म्हणाली.

"अवं, वरन तं शिजलं ना तुह्यं!"

"वरन शिजलं. लोकायले प्याले काय देऊ, तुमचं सिमेंट?"

गाडी परत डोंगराकडे पाठवायची असं तुमच्या आजोबांनी सुचवलं, तेव्हा ती जरा नरमली. पण तिनं अट घातली आणि ती सगळ्यांदेखत बोलून दाखवली. "माह्या चुलीवरच्या छताले माह्यं पानी घ्या. बैठकीच्या छताले एक थेंब भेटनार नाई." बैठकीचं छत तर होऊनही गेलं होतं. पण अट ती अट.

अशा रीतीनं आमच्या स्वयंपाकघराचं छत गोड्या पाण्यात झालं. ड्रम रिकामे होईपर्यंत मजूर घमेली चढवत होते आणि खाली पंगतीला बसणारे पाण्याची गाडी यायची वाट पाहत होते. ही गोष्ट गावात वर्षानुवर्षं चालली. दळणाला जाताना कोणीतरी विचारायचंच, "काऊन वं, सिमेंटाले चहा बी पाजला का?" पणजी उत्तर द्यायची, "हाव, तुह्या घरच्यापक्षा गोड."

दुसऱ्या दिवशी लाइन आली. ओल्या स्लॅबवर मातीची आळी करून त्यात पाणी साठवून ठेवतात, म्हणजे काँक्रीट घट्ट होतं. ती आळी तिन्ही खोल्यांवर बोअरच्याच पाण्यानं भरली. तेव्हा कोणी गोड्या पाण्याचं नाव काढलं नाही. "एकदा पाजलं तेवढं बस," पणजी म्हणाली.

आता थोडं रसायनशास्त्र. घाबरू नका, मी हे आयुष्यभर मुलांना शिकवत आले आहे.

काँक्रीट दगडासारखं दिसतं, पण दगड नसतं. ते रोडग्यासारखं असतं. वरून टणक, पण आत बारीक बारीक वाटा. कुस्करलेल्या रोडग्यावर वरण ओतलं की ते कुठवर गेलं हे दिसत नाही, आणि खाताना कळतं की सगळीकडे गेलं. काँक्रीटच्या या वाटा केसाहून कितीतरी बारीक असतात आणि त्यांत थोडं पाणी कायम असतं. सिमेंटमुळे ते पाणी चुन्याच्या निवळीसारखं तीव्र अल्कधर्मी असतं. अशा पाण्यात लोखंडी सळईवर एक अगदी पातळ पापुद्रा धरतो आणि तो सळईला गंजू देत नाही. म्हणून स्लॅबच्या पोटातलं लोखंड पिढ्यान् पिढ्या टिकतं.

मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे दोन भाग सुटे होतात, सोडियम आणि क्लोराइड. असा विद्युतभार असलेला सुटा कण म्हणजे आयन. यातला क्लोराइड हा घुसखोर. सळईजवळ तो पुरेसा जमला की तो पापुद्रा फोडतो आणि तिथून गंज सुरू होतो. वाईट भाग असा की हे करताना तो स्वतः खर्ची पडत नाही. एका जागेचं काम झालं की पुन्हा मोकळा. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळ लोखंडाहून जास्त जागा मागतं, आणि खालच्या काँक्रीटला ढकलून पाडतं.

आणि आयन चालतात कसे? लोणच्यात पाहा. कैरीच्या फोडीला बाहेरून मीठ लावतो. ते आत कोणी ढकलत नाही, तरी काही दिवसांनी फोड आतपर्यंत खारट होते. जिथे जास्त तिथून जिथे कमी तिकडे, वाटेत पाणी असलं की मीठ आपोआप चालत जातं. काँक्रीटमध्येही तसंच, फक्त लोणच्याचे दिवस तिथे वर्षं होतात. शिवाय सिमेंट वाटेत काही क्लोराइड धरून ठेवतं, सगळाच पुढे जात नाही. तुमच्याकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते मी पाहिलं आहे. तुमच्या शाळेच्या वाटेवरच्या पुलाखाली तांबूस ओघळ आहेत. मी आले होते तेव्हा ते पाहून तुमच्या बाबांना म्हटलं होतं, "हे तर आपल्या बैठकीचं छत." ते गाडी चालवत होते, त्यांनी ऐकलं नाही.

बैठकीच्या छताला तसे ओघळ फार आधी आले होते. आधी सगळे म्हणाले गळतंय. वर डांबर झालं, खाली प्लास्टर झालं, रंग झाला. ओघळ रंगातून परत वर यायचे, नेमके सळयांच्या रेषेत. मग पोपडे सुटू लागले. यंदा पावसाळा सरल्यावर दुपारी मी अंगणात तूर निवडत असताना आत धाडकन आवाज झाला. ताटाएवढा तुकडा पंख्याशेजारून सुटून आजोबांच्या खुर्चीवर पडला होता. ते असते तर दुपारी तिथेच बसले असते. वर सळई उघडी पडली होती, उंदरानं कुरतडल्यासारखी.

तुमच्या बाबांनी त्याच आठवड्यात बुलढाण्याहून एक इंजिनिअर पाठवला. तरुण माणूस, नीट काम करणारा. त्यानं हातोडीनं तिन्ही खोल्यांची छतं वाजवून पाहिली. बैठक आणि मधली खोली भांड्यासारखी पोकळ वाजली. स्वयंपाकघर घट्ट वाजलं, पण तो म्हणाला, "मॅडम, स्लॅब एक, दिवस एक, मिस्त्री एक. हेही त्याच वाटेनं जाणार. सगळंच पाडा."

बाबांनी फोनवर लगेच री ओढली. "आई, आता हट्ट नको. सगळं पाडू, जागा विकू, तू इकडे ये."

तुम्हाला भेटायला मी केव्हाही येईन. पण भेटायला येणं वेगळं आणि ट्रंक घेऊन कायमचं येणं वेगळं. माझी बाज, माझी पुस्तकं, मागच्या दारची न्हाणी, परसातला शेवगा, सगळं त्या स्वयंपाकघराच्या आधारानं आहे. ते राहिलं तर मी इथे राहू शकत होते. ते गेलं तर माझ्याजवळ बोलायला मुद्दा उरत नव्हता.

म्हणून मी इंजिनिअरला म्हटलं, "स्लॅब एक आहे. पाणी एक नाही."

ड्रमांची गोष्ट ऐकून तो हसला. "मॅडम, ही गोष्ट झाली. रिपोर्टमध्ये काय लिहू?"

"लिहू नका. तपासा."

मी ज्या कॉलेजात शिकवलं तिथे आता माझाच एक विद्यार्थी रसायनशास्त्र शिकवतो. तो दोन बाटल्या घेऊन आला. एकीत सिल्व्हर नायट्रेट, दुसरीत फिनॉल्फथॅलीन. सिल्व्हर नायट्रेट ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर शिंपडलं की जिथे क्लोराइड भरपूर आहे तिथे ते पांढरं होतं आणि जिथे नाही तिथे तपकिरी. फिनॉल्फथॅलीन जिथे अल्क शाबूत आहे तिथे गुलाबी होतं. दुसरी तपासणीही मीच मागितली होती. कारण मीठ वरून येतं, पण स्वयंपाकघरात खालूनही शत्रू असतो. चुलीच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड छतात खालून शिरतो आणि अल्क मारत वर सरकतो. मग मीठ नसलं तरी सळईचं संरक्षण जातं. पणजीनं त्या छताखाली किती गोवऱ्या जाळल्या हे मला माहीत होतं, म्हणून मला मिठापेक्षा धुराची धास्ती होती.

इंजिनिअरनं यंत्रानं बैठकीच्या छतातून पेल्याएवढा गोल तुकडा काढला आणि छिन्नीनं फोडला. माझा विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, हातमोजे." मी म्हटलं, "शिंपडून होऊ दे." म्हणून बोटं काळी झाली, थोरले. सिल्व्हर नायट्रेट कातडीवर उजेडात काळं पडतं. वर्गात शंभरदा सांगितलं असेल.

बैठकीचा तुकडा वरपासून खालपर्यंत पांढरा झाला, दुधासारखा. हे मीठ बाहेरून चालत आलेलं नव्हतं. ते पहिल्या दिवसापासून आतच होतं.

मग स्वयंपाकघराचा तुकडा. शिंपडल्यावर क्षणभर काहीच झालं नाही. मग वरच्या कडेला एक पांढरी पट्टी उमटली, जाड सायीएवढी. ते आळ्यातलं बोअरचं पाणी, इतक्या वर्षांत तेवढंच खाली उतरलेलं. त्याखाली सगळं तपकिरी, गुळाच्या चहासारखं. दुसऱ्या अर्ध्यावर फिनॉल्फथॅलीन शिंपडलं. खालच्या कडेची पट्टी रंगहीन राहिली, तो धूर. तिच्या वर सगळं गर्द गुलाबी. सळई त्या गुलाबीत होती. स्वच्छ आणि निळसर, दुकानातून आणल्यासारखी.

इंजिनिअर बराच वेळ तो तुकडा फिरवून पाहत होता. "वरचं मीठ पोचलं नाही, खालचा धूर पोचला नाही," तो म्हणाला. "छत चांगलं आहे." मग तो उठून मधल्या भिंतीकडे गेला आणि वर पाहत म्हणाला, "पण ते टेकलंय कशावर?"

ते टेकलं होतं मधल्या खोलीच्या पलीकडच्या बीमवर. तो बीम लाइन जायच्या आधीचा. खाऱ्या पाण्याचा.

त्यानं भिंतीजवळ आणखी एक तुकडा काढला. बीमच्या अंगाला तो पांढरा होता, आणि पांढरेपणा स्वयंपाकघराच्या छतात चार बोटं आडवा शिरलेला होता, पुढे विरळ होत गेलेला. खाऱ्या काँक्रीटमधलं मीठ गोड्या काँक्रीटकडे चालत निघालं होतं. छताची ती कड आणि तो बीम जाणारच होते. बाकीचं छत वाचवायचं तर त्याला आधी दुसरा आधार द्यायला हवा होता.

बाबांना मी फोटो पाठवले आणि फोन केला. ते म्हणाले, "आणि कापताना खाली आलं तर?"

"तर मी ट्रंक भरीन," मी म्हटलं. "वाद घालणार नाही."

"नक्की?"

"मी कधी शब्द फिरवलाय का?"

भिंतीपासून हातभर आत, स्वयंपाकघरात, दोन नवे खांब आणि एक नवा बीम उभा केला. आता नळाला धरणाचं पाणी येतं, मिक्सरमध्ये तेच गेलं; मी पाइपापाशी उभी होते. नवा बीम पक्का होईपर्यंत छताखाली लोखंडी टेकू होते. जिथे खांब आला तिथे पणजीची घडवंची होती, माठांची. ती हलवावी लागली. मग यंत्राच्या करवतीनं छत भिंतीला समांतर कापलं, हातभर कड बीमसकट वेगळी केली, कापलेल्या कडेवर मी पुन्हा सिल्व्हर नायट्रेट शिंपडून पाहिलं, पुन्हा हातमोज्यांशिवाय, आणि पुढच्या दोन खोल्यांवर घण सुरू झाले. तेच तुम्ही फोनवर ऐकलेत.

शेवटचा टेकू काढायचा होता तेव्हा इंजिनिअर मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही बाहेर थांबा." मी परसात शेवग्याखाली उभी राहिले. शेजारची म्हातारी, पणजीच्या काळातली, काठी टेकत आली होती. "काय वं," ती म्हणाली, "मंग पडते का राह्यते तुह्या सासूचं गोडं छत?" आत टेकू खणखणत खाली पडला. त्यानंतर कशाचाही आवाज आला नाही. इंजिनिअर दारात येऊन म्हणाला, "या."

बाबांनी अट घातली आहे: दर वर्षी पावसाळ्यानंतर छत वाजवून पाहायचं आणि गच्चीवर पाणी साचू द्यायचं नाही. मी मान्य केली. वरचं मीठ आणि खालचा धूर दोन्ही अजून चालत आहेत. पण मीठ पाण्याशिवाय चालत नाही, म्हणून गच्चीला उतार करून घेतला आहे आणि वर पत्रे घातले आहेत. चूल मी कधीच बंद केली, आता खालून हवेतलाच काय तो कार्बन डायऑक्साइड.

बैठक गेली, मधली खोली गेली, आजोबांच्या खुर्चीची जागा गेली. स्वयंपाकघर आहे, हातभर लहान. घडवंची आता दुसऱ्या भिंतीला आहे, त्यावर एक माठ आहे, आणि वर पणजीनं पाणी दिलेलं छत आहे.